‘व्रिल-या’चा बाजार

ग्रंथकार मरण पावल्यावर त्याच्या ग्रंथांचें पुढें काय झालें, ही हकीकत पुष्कळदां त्याच्या चरित्राहूनही बोधप्रद असते. चरित्रावरून त्याला लोकांस काय द्यावयाचें होतें तें कळतें; मागाहूनच्या हकीकतीवरून लोकांनीं त्यांतून काय उचललें तें कळतें. या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. तो किती चमत्कारिक रीतीनें चुकतो, याचें एक उदाहरण इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. मोठमोठ्या ग्रंथांत त्याचा उल्लेख सहसा आढळत नाहीं. तथापि तें वाचकांपुढें ठेवण्यासारखें आहे, असें मला वाटतें.

इ. स. १८९१ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्यें एक धर्मादाय बाजार भरला. तो ता. ५ पासून ७ पर्यंत चालावयाचा होता; पुढें तो १० तारखेपर्यंत लांबविण्यांत आला. असे बाजार ही व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील नित्याचीच गोष्ट होती. तेथील बहुतेक रुग्णालयें लोकांच्या देणग्यांवर चालत, आणि देणगी मागण्यापेक्षां करमणूक विकणें सोपें, हें चालकांस ठाऊक होतें. परंतु या बाजाराचा थाट निराळा होता. ताडाचीं पानें, नेचे आणि फुलें यांनीं तो विशाल वाटोळा प्रासाद सजविला होता. थेम्सकांठीं जो प्राचीन मिसरी स्तंभ ‘क्लिओपाट्राची सुई’ या नांवानें प्रसिद्ध आहे, त्याच्या धर्तीवर एक स्तंभ आंत उभारला होता. घुमटाखालीं पंख लावलेले पुतळे लोकांच्या डोक्यांवरून तरंगत होते. जादूचे खेळ होते, मेजवानीचीं टेबलें होतीं, भविष्य सांगणारा एक कुत्रासुद्धां होता. येणाऱ्यांनीं विशेष वेष धारण करून यावें, अशी अपेक्षा होती. या सर्वांच्या मध्यें एक तरुणी ‘झी’ नांवाच्या राजकन्येचें सोंग घेऊन वावरत होती. तिचा पोशाख काळ्या सॅटिनचा होता, आणि मस्तकावरील रुपेरी फुलांच्या मुकुटांत विजेचे दिवे लुकलुकत होते.

ही झी कोण? इतिहासांत ती सांपडावयाची नाहीं, पुराणांतही नाहीं. ज्या लोकांचा वेष घेऊन लंडनचे उच्चकुलीन स्त्रीपुरुष जमले होते, ते लोक या भूमीवर कधीं झालेच नव्हते. वीस वर्षांपूर्वीं निघालेल्या एका कादंबरींत, तेंही पृथ्वीच्या पोटांत, ते राहत होते. बाजाराचें नांवच मुळीं त्यांच्यावरून ठेवलें होतें: ‘व्रिल-या बाजार आणि उत्सव’. इंग्रजी विज्ञानकथेचा मागोवा घेणाऱ्या कांहीं अभ्यासकांनीं यालाच जगांतील पहिलें विज्ञानकथा-संमेलन म्हटलें आहे. विज्ञानकथा हें नांव तेव्हां रूढही झालें नव्हतें, म्हणून हें बिरुद थोडें सैल बसतें. पण एका कल्पित जगाचे वाचक एकत्र जमतात, त्या जगाचे वेष घालतात, आणि त्या निमित्तानें दिवंगत ग्रंथकाराचें स्मरण होतें, हीं पुढील काळच्या संमेलनांचीं सारीं लक्षणें येथें आहेत, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

तो ग्रंथकार एडवर्ड बुल्वर-लिटन. याचा जन्म १८०३ चा, मृत्यु १८७३ चा. ‘पाँपीचे अखेरचे दिवस’ ही त्याची १८३४ ची कादंबरी एके काळीं घरोघर वाचली जाई. तो पार्लमेंटचा सभासद होता, पुढें वसाहतींचा मंत्री झाला, आणि मरणानंतर त्याला वेस्टमिन्स्टर अॅबींत जागा मिळाली. तथापि आपल्याकडे लिटन हें नांव निघालें कीं बापाची नव्हे, मुलाची आठवण होते. १८७६ ते १८८० पर्यंत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असलेला लॉर्ड लिटन तो हाच मुलगा. तोही कवि होता. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत दुष्काळ पेटला असतां १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस थाटाचा दरबार भरविणारा तोच, आणि १८७८ मध्यें देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा कायदा करणाराही तोच. लेखणी आणि तलवार यांच्या सामर्थ्याची तुलना करणारें जें इंग्रजी वचन आपण सर्वांनीं शाळेंतील निबंधांत कधीं ना कधीं वापरलें, तें बापाच्या १८३९ च्या ‘रिशल्यू’ नाटकांतलें. मुलाला त्याचा खरेपणा इतका पटला होता, कीं त्यानें तलवार सोडून लेखणीलाच आधीं बेडी घातली! दिल्लीच्या त्या दरबारांत पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीनें गणेश वासुदेव जोशी हातांनीं विणलेल्या जाड्याभरड्या देशी कापडाचा पोशाख करून गेले होते. त्या पोशाखाची आठवण वाचकांनीं जरा बाजूला ठेवावी. ती पुढें उपयोगीं पडेल.

आतां मूळ पुस्तकाकडे वळूं. ‘द कमिंग रेस’, म्हणजे ‘येणारा वंश’, ही कादंबरी १८७१ मध्यें कर्त्याच्या नांवाशिवाय प्रसिद्ध झाली. योगायोग असा, कीं ज्या वास्तूंत तिचा उत्सव व्हावयाचा होता त्या आल्बर्ट हॉलचें उद्घाटनही त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांतलें. पुस्तक अर्पण केलें आहे तें माक्सम्युल्लरला, आपल्या पंडितांनीं ज्यांना ‘मोक्षमूलर भट्ट’ म्हणून गौरविलें त्या वेदज्ञांना. आणि त्यांत त्या कल्पित लोकांच्या भाषेच्या व्याकरणावर एक सबंध प्रकरण आहे.

कथा थोडक्यांत अशी. एक अमेरिकन गृहस्थ एका इंजिनियर मित्राबरोबर खोल खाणींत उतरतो. मित्र पडून मरतो आणि हा एकटा पृथ्वीच्या गर्भांतील एका उजळ नगरांत जाऊन पोंचतो. तेथील लोक देखणे, शांत आणि आपल्याहून सर्व बाबतींत वरचढ आहेत. कृत्रिम पंख बांधून ते उडतात. त्यांचीं घरकामें यंत्रमानव करतात. या वैभवाचें मूळ एका शक्तींत आहे. तिचें नांव व्रिल. हातांतील एका पोकळ दंडांतून ती सोडतां येते. तिनें रोग बरे होतात, यंत्रें चालतात, खडक फुटतात. आणि मनांत आणलें तर एक लहान मूल सबंध नगराची राख करूं शकतें.

या शेवटल्या गोष्टींतच कादंबरीचें सारें मर्म आहे. मूलदेखील नगर जाळूं शकतें, म्हणून तेथें युद्ध उरलेलें नाहीं. कोणी कोणावर जुलूम करीत नाहीं, कारण जुलूम सोसणारा दुसऱ्याच क्षणीं जुलूम करणाऱ्याला भस्म करूं शकेल. तेथें दारिद्र्य नाहीं, गुन्हा नाहीं, स्पर्धा नाहीं. परंतु त्याबरोबर थोर काव्यही नाहीं, वक्तृत्व नाहीं, पराक्रम नाहीं. ज्या वासनांतून हीं उपजतात त्याच शमल्या आहेत. शिवाय तेथील स्त्रिया पुरुषांहून उंच, बलवान आणि विद्येंत श्रेष्ठ असून प्रणययाचना त्याच करतात. झी ही अशीच एक विदुषी. कथानायक ज्याच्या घरीं पाहुणा म्हणून राहतो त्याची ही मुलगी, आणि या दुबळ्या परक्यावर तिचें मन बसतें. पुढें मुख्य अधिकाऱ्याची मुलगीही त्याच्यावर अनुरक्त होते. हीन वंशाचा संकर होऊं नये म्हणून त्याला नाहींसा करण्याचें ठरतें, आणि हें काम त्या अधिकाऱ्याच्या कोंवळ्या मुलाकडे येतें. हा मुलगा कथानायकाचा स्नेही आहे. त्याच्या मनांत द्वेषाचा लवलेश नाहीं. बागेंतील तण उपटावें तितक्या सहजतेनें ही हत्या तेथें योजिली जाते. अखेर झी त्याला आपल्या पंखांच्या बळावर वर आणून सोडते, आणि तो बजावतो, कीं हे लोक एक दिवस वर येतील, आणि त्या दिवशीं आपली मानवजात उरणार नाहीं. ‘येणारा वंश’ या नांवाचा अर्थ हा आहे. तो आशेचा नाहीं, धास्तीचा आहे.

असें हें भयसूचक पुस्तक धर्मादाय जत्रेला कसें चाललें? याचें उत्तर विजेंत आहे. बाजाराचे प्रवर्तक डॉक्टर हर्बर्ट टिबिट्स हे मज्जातंतूंचे विकार, पक्षाघात आणि अपस्मार यांवर उपचार करणाऱ्या ‘वेस्ट एंड’ रुग्णालयाशीं आणि त्याला जोडलेल्या मर्दन व विद्युत्-चिकित्सा शिकविणाऱ्या शाळेशीं संबद्ध होते. बाजार भरला तो याच संस्थांच्या मदतीसाठीं. लुळ्या पडलेल्या अवयवांत विजेचा प्रवाह सोडला तर त्यांत चैतन्य परत येईल, अशी मोठी आशा त्या पिढीला वाटत होती. त्यांतील पुष्कळशी पुढें टिकली नाहीं. खुद्द लिटननें आपला मित्र जॉन फॉर्स्टर याला लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट केलें होतें, कीं व्रिल म्हणजे मोहिनीविद्या नव्हे. वीजच, पण जिचे उपयोग आज केवळ अंधुकपणें सुचतात अशा अवस्थेला पोंचलेली. कादंबरींत फॅरडेचा दाखलाही आहे. तेव्हां विजेनें रोगी बरे करूं पाहणाऱ्या डॉक्टराला व्रिलच्या दंडाची भुरळ पडावी, यांत नवल नाहीं. त्या तरुणीच्या मुकुटांतील दिवे ही केवळ शोभा नव्हती. ती एका शास्त्राची जाहिरात होती.

हें सर्व मान्य करूनही एक गोष्ट डोळ्यांत भरते. बाजारांत पंख आले, मुकुट आला, स्तंभ आला, दंड बरा करणारा म्हणून आला. जाळणारा म्हणून आला नाहीं. ज्या वंशाच्या येण्यानें आपला नाश व्हावयाचा त्याच वंशाचे कपडे घालून लोक फराळ करीत होते. भीति शिवून अंगाला बेतशीर करतां येते, हें या बाजारानें दाखविलें. मी याला वाचकांचा मूर्खपणा म्हणणार नाहीं. भयंकर कल्पनेशीं परिचय करून घेण्याचा मनुष्याचा हा जुनाच मार्ग आहे. आपल्याकडे रावणाचें सोंग आणणारा पोर रावणाला भीत नाहीं. पण सोंग उतरल्यावर रामायण वाचावयाचें शिल्लक राहतें, हें त्या पोरालाही कोणी तरी सांगावें लागतें.

याहून बोंचणारी दुसरी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठींच मीं हा विषय निवडला. कादंबरीवरून कर्त्याचें खासगी मन वाचूं नये, असें मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों आहें. तरीही येथें दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवल्यावांचून राहवत नाहीं. लिटनची पत्नी रोझिना ही स्वतः कादंबरीकार होती. १८२७ मध्यें त्यांचा विवाह झाला, १८३६ मध्यें तीं विभक्त झालीं. १८५८ च्या जून महिन्यांत मंत्रिपद मिळाल्यामुळें लिटन हर्टफर्ड येथें पुन्हा निवडणुकीस उभा असतां, ही बाई त्याच सभेंत उभी राहिली आणि तिनें त्याच्यावर उघड आरोप केले. थोड्याच दिवसांत नवऱ्यानें तिला वेडी ठरवून खासगी वेड्यांच्या घरांत कोंडलें. वर्तमानपत्रांत ओरड झाली, लोकांत संताप उसळला, आणि सुमारें तीन आठवड्यांनीं तिची सुटका करावी लागली. तिनें लिहिलेली ही कर्मकथा १८८० मध्यें प्रसिद्ध झाली. १८८२ मध्यें ती वारली.

हाच गृहस्थ तेरा वर्षांनीं झीचें चित्र काढतो. शहाणी, बलवान, सभेंत बोलणारी, आकाशांत उडणारी स्त्री! तिच्याविषयीं त्याच्या लेखणींत आदर आहे, थट्टा आहे आणि थोडी भीतिही आहे. मात्र त्या लोकांतील एक रीत तो आवर्जून सांगतो: लग्न झालें, कीं तेथील स्त्रिया आपण होऊन पंख उतरवून ठेवतात आणि पुन्हा उडत नाहींत. हें ‘आपण होऊन’ वाचतांना मला दर वेळीं हर्टफर्डची ती सभा आठवते.

१८९१ च्या बाजारांत झीचा मुकुट घालून फिरणाऱ्या मुलीला ही हकीकत ठाऊक होती कीं नव्हती, कोण जाणे. पण रोझिनाचें पुस्तक निघून तेव्हां अकराच वर्षें झालीं होतीं. मज्जातंतूंच्या रोग्यांचें रुग्णालय म्हणजे वेड्यांचें घर नव्हे, हें मी जाणतों. तरीही रोग्यांच्या सेवेसाठीं भरलेल्या जत्रेंत गौरव ज्याचा झाला त्यानेंच एका निरोगी स्त्रीला रोगी ठरविलें होतें. हा विरोध त्या रोषणाईंत कोणाला दिसला असल्यास त्याचा आवाज वाद्यांच्या घोषांत बुडाला असावा.

बाजार फसला. थाटाला लागलेला पैसा परत आला नाहीं, आणि डॉक्टर टिबिट्स यांचें दिवाळें निघालें. योगायोगाची गोष्ट म्हणजे त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत माजी व्हाइसरॉय लिटनही पॅरिसमध्यें, वकिलाच्या पदावर असतां, वारला.

पण ‘व्रिल’ हा शब्द मेला नाहीं. त्याचे पुढील अवतार पाहिले म्हणजे वारसा कसा वांटला जातो तें कळतें. बाजाराच्या पांच वर्षें आधीं, १८८६ मध्यें, जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉच व्यापाऱ्यानें आपल्या गोमांसाच्या अर्काला नवें नांव दिलें होतें. बैलासाठीं असलेला लॅटिन शब्द आणि लिटनची शक्ति यांचा संधि करून त्यानें ‘बोव्हरिल’ हा शब्द बनविला. तो इतका रुजला, कीं लिटनचें नांव ऐकलेंही नाहीं अशा लक्षावधि इंग्रजांनीं त्याची शक्ति पेल्यांतून प्याली. दुसरीकडे मादाम ब्लाव्हाट्स्की यांनीं ती शक्ति खरी मानली. १८७७ आणि १८८८ मधील आपल्या दोन प्रचंड ग्रंथांत त्यांनीं तिला गुप्तविद्येंत स्थान दिलें. या बाई १८७९ मध्यें मुंबईस येऊन गिरगांवांत राहिल्या होत्या, आणि त्यांच्या थिऑसफीची चर्चा आपल्या सुशिक्षितांत किती रंगली तें जुन्या मंडळींकडून पुष्कळांनीं ऐकलें असेल. तिसरा अवतार सर्वांत विचित्र. जर्मनींतून अमेरिकेंत गेलेला अग्निबाणविद्येचा लेखक विली ले यानें १९४७ मध्यें एका विज्ञानकथा-मासिकांत लिहिलें, कीं बर्लिनमध्यें व्रिल शोधणारी एक मंडळी होती. या तुटपुंज्या उल्लेखावरून १९६० मध्यें दोघां लेखकांनीं एका फ्रेंच पुस्तकांत हिटलरच्या जर्मनींतील एक गुप्त ‘व्रिल मंडळ’ उभें केलें. त्याला पुराव्याचा आधार नाहीं. तरी तें अजून लोकांच्या कल्पनेंत नांदतें आहे. एका कादंबरीकारानें सोडलेला शब्द कोणी खाल्ला, कोणी पूजला, कोणी त्याचें भूत केलें!

पुढें खरीं संमेलनें भरूं लागलीं. ३ जानेवारी १९३७ रोजीं इंग्लंडांतील लीड्स येथें विज्ञानकथेचे मूठभर चाहते जमले. त्यांत तरुण आर्थर क्लार्क होता, आणि सभेची जागाही थिऑसफिस्टांची होती. १९३९ च्या जुलैंत न्यूयॉर्कला पहिलें जागतिक संमेलन भरलें. तेथें फॉरेस्ट अॅकरमन आणि त्याची मैत्रीण वेल्सच्या कथेवरून निघालेल्या बोलपटांतल्यासारखे भविष्यकाळचे पोशाख घालून आलीं. ते त्या मैत्रिणीनेंच तयार केले होते. आज अशीं संमेलनें अनेक देशांत भरतात आणि वेष हा त्यांचा अविभाज्य भाग झाला आहे. सहा वर्षांनीं, १९४५ च्या ऑगस्टांत, एका विमानांतून पडलेल्या एका बाँबनें हिरोशिमा जाळलें, आणि लिटनची ती कल्पना, कीं सर्वनाशाचें साधन हातीं आलें म्हणजे भीतीमुळें युद्ध थांबेल, मोठमोठ्या राष्ट्रांचें प्रत्यक्ष धोरण बनली. द्वेष न धरतां, कर्तव्य म्हणून, नगर जाळण्याचे बेत शांतपणें आंखणारीं माणसें कादंबरींतून बाहेर आलीं. त्यांना पंख नव्हते, म्हणून कोणीं ओळखलें नाहीं.

तेव्हां वेष वाईट, असा माझा निष्कर्ष नाहीं. बाजूला ठेवावयास सांगितलेला तो दिल्लीचा पोशाख आतां आठवावा. गणेश वासुदेव जोशी यांच्या अंगावर जें होतें तो एक वेषच होता. पण त्यांत एक प्रश्न विणलेला होता, आणि तो दरबारांतील प्रत्येक जरतारी पोशाखाला विचारला जात होता. आल्बर्ट हॉलमधील वेषांतून प्रश्न तेवढा वगळला गेला. ग्रंथकाराचा सन्मान त्याच्या पात्रांचीं वस्त्रें नेसल्यानें होतो कीं नाहीं, हें म्हणूनच वस्त्रांवर अवलंबून नाहीं. तीं नेसणारा त्या पात्रांना जी गोष्ट सुचली ती स्वतःला विचारतो कीं नाहीं, यावर तें आहे. आणि सन्मान खरा असेल तर त्यांत ग्रंथकाराच्या दोषांनाही जागा असली पाहिजे. त्या बाजारांत झीच्या मुकुटाशेजारीं रोझिनाचें पुस्तक विकावयास ठेवलें असतें, तर बाजार कदाचित् आणखी एक दिवस आधीं बंद पडला असता. पण लिटनला समजून घेतल्याचें श्रेय तरी त्याला मिळालें असतें.